वर्ग, प्रत, जात आणि ‘इतर’: ढीग पाडायचे शब्द आणि आपली जमीन

(पुणे येथे झालेल्या दोन दिवसांच्या कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. गावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.)



काल दिवसभर आपण कायदे ऐकले, कलमं ऐकली. आज मी शब्दांवर बोलणार आहे. सगळ्या शब्दांवर नाही. ज्या शब्दांनी माणूस वस्तूंचे ढीग पाडतो, हे इकडं, ते तिकडं करतो, तेवढ्यांवरच. प्रत, वर्ग, गट, जात, वाण, नमुना, यादी आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. तलाठ्याच्या चावडीत, तहसीलच्या खिडकीत, रेंजरच्या हापिसात आपलं जे काही बरंवाईट होतं ते या आठ शब्दांनी होतं. गार्ड काठी घेऊन येतो तेव्हा कागदावर शब्द पडून वीस वर्षं झालेली असतात. म्हणून हे शब्द आपल्याला नीट कळले पाहिजेत. शहरातून आलेल्या विद्यार्थी साथींनाही हेच सांगते, कारण अर्ज बहुतेक वेळा तुम्ही लिहून देता.

आधी घरातलं बघू

ढीग पाडायचं काम सरकारनं शोधून काढलेलं नाही. आपल्या बाया ते रोज करतात. तांदूळ सुपात घेतला की पाखडतात. फोल उडतं, कोंडा वेगळा होतो, कणी वेगळी होते, अख्खा दाणा वेगळा. मग निवडतात, खडे काढतात. याच ‘निवडणे’ शब्दातून ‘निवडणूक’ आली. तिथं खडे किती निघतात ते तुम्हाला माहीत आहे! पण सुपाकडं परत या. कणी आपण टाकत नाही, कण्या शिजवून खातो. कोंडा कोंबड्यांना जातो. तूस शेणात कालवतो. म्हणजे घरात ढीग चार पडले तरी टाकाऊ ढीग जवळपास नसतोच. ज्याचा जो उपयोग, तो त्याचा ढीग.

भाताचं बघा. आपण हळवं म्हणतो, निमगरवं म्हणतो, गरवं म्हणतो. हळवं भात लवकर येतं, म्हणून ते वरच्या खाचरात, जिथलं पाणी आधी आटतं. गरवं उशिरा येतं, ते खालच्या खाचरात, जिथं ओल टिकते. ‘गरवं’ एवढं एक म्हटलं की जमीन कुठली, पाणी किती आणि दिवस किती, तिन्ही गोष्टी कळल्या. त्याच्या पोटात मग वाण. आंबेमोहर, जिरवेल, इंद्रायणी. खात्याचा साहेब येतो आणि विचारतो, “भाताची जात कोणती?” भाताला जात विचारतात आणि आपल्यालाही जात विचारतात, शब्द एकच. भाताची जात विचारली तर बियाणं मिळतं. आपली विचारली तर काय काय होतं त्यावर पुढं येते.

हिरड्याचं बघा. कोवळं फळ पाडून वाळवलं की तो बाळहिरडा. झाडावर वाढू दिलं की मोठा हिरडा, तो कातडं कमवायला, रंगाला जातो. पुरा पिकला की सुरवारी. झाड एक, फांदी एक, आणि नावं तीन. नाव फळावर लिहिलेलं नव्हतं. कधी वेचला आणि कशाला वापरला यावरून ते ठरलं.

एवढ्यावरून एक गोष्ट धरून ठेवा. कुठल्याही ढिगाला एक कारण असतं आणि ढीग पाडणारा कुणीतरी असतो. घरात आपण पाडतो तेव्हा कारण आपल्याला माहीत असतं. सरकारी कागदावर ढीग दिसतो, पण तो कुणी पाडला आणि कशासाठी पाडला ते लिहिलेलं नसतं. ते आपण विचारायचं.

‘प्रत’ आली कुठून

हे विचारायला पुण्यासारखी जागा नाही. जमिनीच्या नोंदींचं सगळ्यात मोठं हापीस, जमाबंदी आयुक्तांचं, इथंच पुण्यात आहे. आणि इंग्रजांच्या मोजणीची जी पद्धत सगळ्या मुंबई इलाख्यात गेली, तिची सुरुवातही याच जिल्ह्यात झाली. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी इंदापूर तालुक्यात काम सुरू केलं. शेत मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, मातीचा रंग, पोत आणि खोली बघायची आणि तिची प्रत ठरवायची. नऊ प्रती केल्या. पहिली सोळा आण्यांची, शेवटची दोन आण्यांची. आपण आजही सोळा आणे माणूस म्हणतो, दुष्काळात आणेवारी किती लागली विचारतो. आता कागदावर पैसेवारी झाली, पण तोंडात आणेवारीच आहे.

त्या साहेबांचं कारण काय होतं? शेतसारा. किती सारा बसवला तर शेतकरी जमीन टाकून पळणार नाही आणि तिजोरीही भरेल, एवढं त्यांना काढायचं होतं. त्या कामाला ती प्रतवारी बरी होती, त्याआधीच्या अंदाधुंदीपेक्षा बरी. पण ती सुरू झाली इंदापूरच्या सपाट काळ्या-तांबड्या मातीवर. पुढं मोजणी डोंगरात चढली. डोंगरातली जमीन दरसाल पिकत नाही. सारा बसवणाऱ्याच्या नजरेनं ती हलकी, शेवटच्या प्रतीची, नाहीतर प्रतीच्या बाहेरची. तिथून आपलं दुखणं सुरू होतं.

वरकस, पड आणि पोटखराबा

वरकस म्हणजे काय ते इथं बसलेल्या डोंगरातल्या माणसाला सांगायला नको. शहरातल्या साथींसाठी सांगते. उताराची जमीन. तिच्यात दोनतीन वर्षं नाचणी, वरई, खुरासणी घ्यायची आणि मग तिला विसावा द्यायचा. विसाव्याच्या वर्षांत तिथं गवत वाढतं, झुडपं येतात, कारवी येते. त्यातलाच पालापाचोळा, टहाळं भाताच्या राबाला लागतं, कारवी घराच्या कुडाला लागते. म्हणजे विसाव्याची जमीन रिकामी नसते. खालचं खाचर वरच्या वरकसावर जगतं.

आता सातबारा काढा. नमुना सात म्हणजे मालकी-हक्काची बाजू, नमुना बारा म्हणजे पिकाची बाजू. विसाव्याच्या वर्षी पीक नाही. मग बाराच्या रकान्यात काय पडतं? ‘पड’. नाहीतर ‘गवतपड’. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं ‘पड’. आपल्या बोलीत ‘पड टाकली’ म्हणजे जाणूनबुजून विसाव्याला ठेवली, आपण ठेवली. कागदावरचा ‘पड’ वाचणारा म्हणतो, कुणी कसतच नाही. अक्षरं तीच, अर्थ उलटा.

तसाच पोटखराबा. सर्व्हे नंबरच्या पोटात जो भाग लागवडीला येत नाही, तो खराबा. त्याचेही दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे खडक, नाळी, लागवडीला अयोग्य. ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा असं सार्वजनिक कामाला ठेवलेलं. सारा नाही म्हणून नाव खराबा. पण त्या खराब्यात आपली पावसाळ्याची रानभाजी असते, गुरांची वाट असते, झरा असतो. ‘खराब’ हे त्या जमिनीचं वर्णन समजू नका. त्या जमिनीवर सारा मिळत नाही, एवढंच ते सांगतं. मोबदला ठरवायची वेळ आली, धरण आलं, रस्ता आला, की मग या एका शब्दानं किती पैसे कमी होतात ते धरणग्रस्त साथींना विचारा.

जंगल कशाला म्हणायचं

वनखात्याचे ढीग वेगळे. १८७८ च्या कायद्यानं जंगलाचे तीन वर्ग केले, १९२७ च्या कायद्यानं तेच पुढं चालवले. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. राखीव आणि संरक्षित ऐकायला सारखेच वाटतात. फरक मोठा आहे. राखीवात परवानगी दिली नसेल ते सगळं बंद. संरक्षितात बंदी घातली नसेल ते सगळं चालू. गार्ड तुम्हाला अडवतो तेव्हा पहिला सवाल हाच करायचा, “हे राखीव का संरक्षित, आणि कुठल्या अधिसूचनेनं?” तिसरा वर्ग ग्रामवनाचा, गावाच्या ताब्यात द्यायच्या जंगलाचा. तो कायद्यात आहे, कलम २८. आपल्या डोंगरात तो फारसा उतरलाच नाही.

यात १९७५ साली आणखी एक ढीग पडला. खाजगी वन. ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी जंगलं सरकारजमा झाली. मोठ्या जंगलमालकांकडून जंगल घ्यायचं, हेतू वाईट नव्हता. पण ज्या नंबरांवर पूर्वी १९२७ च्या कायद्याच्या कलम ३५ च्या नोटिसा निघालेल्या होत्या, तेही या कायद्यानं खाजगी वन ठरले. पुष्कळ ठिकाणी त्यात आपल्या माणसांची वरकसं आली, विसाव्यात असलेली. सातबाऱ्याच्या एका कोपऱ्यात शेरा पडला आणि कसणाऱ्याला तो कित्येक वर्षांनी कळला, कर्ज काढायला सोसायटीत गेला तेव्हा. १९७८ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, बारा हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्यांना ती परत द्यायची तरतूद आली. ज्यांनी अर्ज केले नाहीत त्यांनी कागद काढून बघा.

आणि आता डिसेंबर १९९६ मधली गोष्ट. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन केसमध्ये आदेश दिला. जंगल या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यायचा, मालकी कुणाची का असेना, आणि सरकारी नोंदीत जंगल म्हणून असलेलं सगळंही त्यात धरायचं. लाकूडतोडीचा धंदा थांबायला हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण आपण मराठी बोलणारी माणसं. आपल्याकडं ‘रान’ म्हणजे काय? “धनी रानात गेलाय” म्हणजे शेतावर गेला. “रानात बिबट्या आला” म्हणजे जंगलात आला. शेत आणि जंगल दोघांना मिळून एकच शब्द आहे, कारण डोंगरात ते एकमेकांत मिसळलेलंच आहे. खालचं खाचर, वरचं वरकस, त्याच्या वर देवराई, तिथं तर आपणच कुऱ्हाड लावत नाही. कोर्टात शब्दकोश उघडला जाईल तेव्हा आपलं ‘रान’ तिथं सांगणारा कुणी असला पाहिजे. आणि सरकारी नोंद म्हणजे कुठली, तर तीच ती, जिच्यात आपलं वरकस ‘पड’ आहे.

एकसालीचं अतिक्रमण कसं होतं

आणखी एक जोडी बघा. ‘एकसाली’ आणि ‘अतिक्रमण’. धान्य पिकवा म्हणून सरकारनंच जंगलातले प्लॉट वर्षाच्या बोलीनं दिले. ती एकसाली. दरवर्षी मुदत वाढायची. बाप गेला, मुलगा कसू लागला. तिकडं रायगडकडं कातकरी-ठाकरांच्या दळी जमिनी, त्यांचंही असंच, जंगलात नेमून दिलेले तुकडे. एक दिवस मुदत वाढली नाही. जमीन तीच, माणूस तोच, नांगर तोच. कागदावर नाव पडलं अतिक्रमण. तलाठ्याकडं त्यासाठी वेगळी वहीच आहे, गाव नमुना एक-ई.

अतिक्रमण म्हणजे हद्द ओलांडून घुसणं. घुसायला आधी माणूस बाहेर असावा लागतो. आपण बाहेर कधी होतो?

पण शब्द नुसता नाकारून भागत नाही. १९७८-७९ च्या राज्य सरकारच्या निर्णयांत ३१ मार्च १९७८ ची तारीख आहे. केंद्राच्या १८ सप्टेंबर १९९० च्या परिपत्रकांत २५ ऑक्टोबर १९८० ची आहे, म्हणजे वनसंवर्धन कायदा आला तो दिवस. त्या तारखांच्या आधीपासून कसत होतो हे दाखवायला पुरावा कुठला? वनखात्यानं केलेल्या दंडाची पावती. ज्या पावतीनं आपल्याला गुन्हेगार म्हटलं, तीच पावती सांगते की त्या साली हा माणूस त्या जागी नांगर धरून होता. म्हणून सांगते, दंडाच्या पावत्या चुलीत घालू नका. आढ्याला, पिशवीत, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा.

पहिला वर्ग, दुसरा वर्ग

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं की आपली माणसं खचतात. वाटतं आपली जमीन दुय्यम ठरवली. रेल्वेचं आठवतं. १९७४ साली रेल्वेनं तिसरा वर्ग बंद केला, डब्यावरचा आकडा बदलला आणि बसणारी माणसं आणि गर्दी तीच राहिली! पण जमिनीतला वर्ग तसा नाही. वर्ग १ म्हणजे विकायला मोकळी. वर्ग २ म्हणजे वरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आपल्यासारख्याला ही अडचणही आहे आणि कुंपणही आहे. कुणी एजंट येऊन सांगेल, “तुमची वर्ग एक करून देतो”, तर आधी विचारा, कुणासाठी मोकळी करतोस?

तसंच ‘आदिवासी’ या ढिगाचं. सगळेच ढीग वाईट असतात असं मी म्हणत नाही. १९७४ चा जमिनी परत देण्याचा कायदा या शब्दावर उभा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडं गेलेली जमीन परत मिळायची तरतूद झाली ती त्यामुळंच. महसूल कायद्याचं कलम ३६-अ त्यामुळंच. ही यादी नसती तर जमिनी कधीच गेल्या असत्या.

पण यादीत कोण, हे पुन्हा कागदावर ठरतं. शाळेच्या दाखल्यावर मास्तरनं कधीकाळी नुसतं ‘कोळी’ लिहिलं, ‘महादेव कोळी’ लिहिलं नाही, तर पोराचं कॉलेज अडतं. दुसऱ्या बाजूला खोटे दाखले काढून आपल्या जागा खाणारेही आहेत, म्हणून तपासणी हवी, हे आपणच मागितलंय. १९९४ साली सुप्रीम कोर्टानं माधुरी पाटील केसमध्ये तपासणीची रीत घालून दिली. दैवत कोणतं, लग्न कसं लागतं, मयताचं काय करता, हे विचारायचं. पुण्याच्या वसतिगृहात वाढलेल्या पोराला हे विचारलं की तो अडखळतो. त्यानं गावी जाऊन आजीपाशी बसावं, एवढं मात्र मी सांगेन. तपासणीसाठी नको, स्वतःसाठी.

ढीग किती जिव्हारी लागतो हे पारध्यांना आणि बाकी विमुक्तांना विचारा. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरवल्या, मूल जन्माला आलं की गुन्हेगार. १९५२ साली तो कायदा गेला. पण पोलीस आजही रात्री कुणाच्या पालावर जातात?

आपल्या जिल्ह्यातही बघा. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. खेड, मावळ, मुळशीतले आपले पाडे त्या क्षेत्रात नाहीत. माणूस तोच, देव तोच, सोयरीक एकमेकांत. मधे डोंगराची एक सोंड आहे. २४ डिसेंबर १९९६ चा ग्रामसभेचा जो केंद्रीय कायदा आला तो अनुसूचित क्षेत्रालाच लागू आहे. त्यात गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेकडं द्यायची म्हटलंय. ‘गौण’ म्हणजे कमी महत्त्वाचं. वनखात्याच्या वहीत साग मुख्य आणि हिरडा गौण. ज्या घराची पावसाळ्याची बेगमी हिरड्यावर होते त्या घरात मुख्य काय आणि गौण काय? पण शब्दासाठी अडून बसू नका. म्हणू देत गौण. मालकी घ्या. आणि सोंडेपलीकडच्या पाड्यांना त्या क्षेत्रात घ्या, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरायची.

‘इतर’

शेवटचा शब्द. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. लोक वरचं नाव वाचतात, क्षेत्र वाचतात आणि कागद घडी करतात. सगळी गंमत त्या रकान्यात असते. कुळाचं नाव तिथं. सोसायटीचा बोजा तिथं. विहिरीतला वाटा तिथं. खाजगी वनाचा शेरा तिथं. ढीग पाडणाऱ्याला ज्याचं काय करायचं कळत नाही किंवा मोठ्यानं सांगायचं नाही, ते सगळं ‘इतर’ मध्ये जातं. आपली माणसं वर्षानुवर्षं त्याच रकान्यात राहत आली आहेत. म्हणून सातबारा वाचायचा तो खालून, ‘इतर’ पासून.

आता कामाचं बोलते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं एवढं करून आणायचं:

१. प्रत्येक खातेदाराचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार यांच्या नकला काढा. नुसता सातबारा पुरत नाही, शेरा कुठल्या फेरफारानं पडला ते नमुना सहामध्ये सापडतं.

२. ‘पड’, ‘पोटखराबा’, ‘खाजगी वन’, ‘अतिक्रमण’ हे शब्द जिथं जिथं आहेत त्याखाली लाल रेघ मारा.

३. एक वही करा. डाव्या पानावर सरकारचा शब्द. उजव्या पानावर त्याच तुकड्याला गावात काय म्हणतात ते. कुणाचं वरकस, कोण कधीपासून कसतो, शेवटची नाचणी कुठल्या साली घेतली, विसावा किती वर्षं, राब कुठून येतो, गुरं कुठून जातात. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, बायांना विचारून लिहा. हिरडा कुठल्या झाडाचा कुणी वेचायचा, हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

४. ही वही ग्रामसभेपुढं वाचा, ठराव करा, सरपंच-ग्रामसेवकाची सही घ्या.

उजव्या पानावरचे शब्द आज कुठल्याही नमुन्यात बसत नाहीत. एकवीस गाव नमुने आहेत, त्यात वरकसाच्या विसाव्याला रकाना नाही. तो मागायचा असेल तर आधी आपल्या हातानं भरलेला दाखवावा लागेल. वही जाड लागेल, दोनशे पानी घ्या.

जिंदाबाद.